खरं

कोगनोळीचा नाका ओलांडला
की फोनवर मेसेज येतो, कर्नाटकात स्वागत.
शेजारच्या सीटवरची बाई विचारते, कुणाची गं तू?
अठ्ठावीस तासांच्या प्रवासात
हा पहिला प्रश्न, ज्याला पासपोर्ट लागला नाही.

निपाणीत बसमधून उतरण्याआधीच
तंबाखू घशाला लागते.
आई उंबऱ्यात, मांडीवर सूप,
कात्रीनं पान कापत, मान वर न करता म्हणते,
वाळलीस.
मग हजारातल्या राहिलेल्या चाळीस वळून उठते.

गल्लीतल्या बायका येतात एकेक.
कसं हाय तिकडं?
बरं आहे, म्हणते मी. खरं...

आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
हॉस्टेलवरची पुण्याची मैत्रीण हसायची:
तुमचं वाक्य अर्ध्यावर येऊन शपथ घेतं.

पगार बरा आहे, खरं पहिलं दीड वर्ष
मी तिथं नर्स नव्हतेच.
बेळगावात चार वर्षं शिकले,
रात्रपाळीला चाळीस खाटा नि मी एकटी,
लाईट गेली तरी बोटांना शीर सापडायची.
खरं बेंगळुरूचा शिक्का त्यांना कळेपर्यंत
मी मदतनीस.
चादरी, बेडपॅन, भरवणं, पुसणं.
शाळेच्या दाखल्यावर वैजयंती,
कौन्सिलच्या कागदावर कन्नडात वैजयंति, ऱ्हस्व,
आणि वॉर्डात फाय-यायांटी.
तिघी एकच आहेत एवढं लिहून द्यायला
टिळकवाडीतल्या नोटरीनं तीनशे रुपये घेतले.

जर्मनच्या परीक्षेत दोनदा नापास.
तिसऱ्यांदा तोंडीला बाईंनी विचारलं,
तुमची मातृभाषा कोणती? आणि तुमच्या राज्याची?
मी दोन वेगळी उत्तरं दिली.
त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, सांगा.
मग मी सांगत सुटले, व्याकरण सोडून:
डांबर फासलेल्या पाट्या, बंदच्या दिवशीची शाळा,
एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत लावून गेलेला मामा,
आणि सरकारी दवाखान्यातली शांतव्वा सिस्टर,
जी बाळंतिणीवर दोन्ही भाषांत ओरडायची
आणि पाठ चोळायची ती कुठल्याच भाषेत नाही.
त्या दिवशी पास झाले.

वॉर्डात फ्राऊ लिंडनर आहे, एक्याण्णव वर्षांची.
मी कोपर बुडवून पाणी बघते, तिची पाठ ओली करते.
ती आखडते. अजूनही, रोज.
आभार मानते आणि म्हणते, आबर...
आबर म्हणजे खरं.
पुढचं ती बोलत नाही. मीही विचारत नाही.
टॉवेल हीटरवर ठेवलेला असतो तो देते.

हे सगळं गल्लीत सांगत नाही.
गल्लीत चॉकलेटं वाटते,
बर्फाचे फोटो दाखवते,
कुणाचं बीपी बघते, कुणाच्या शुगरचा कागद वाचते,
मधल्या आळीच्या इराप्पाच्या मुलीला
फॉर्म कुठं मिळतो ते सांगते.
तिला खरं सांगायला तोंड उघडते
आणि फीचा आकडा सांगते.

अठरातला सोळावा दिवस.
रात्री आई खोकते.
मी सवयीनं उशीवरनं मोजते, मिनिटाला श्वास किती.
चोवीस.
तिला कळतं.
मी काय पेशंट हाय व्हय, म्हणते, झोप.
स्टेथोस्कोप बॅगेत आहे, कपड्यांखाली.
मी उठत नाही.

मग अंधारातनं,
तिकडं म्हाताऱ्यांस्नी कोण बघतंय गं?
मी बघते.
आन् त्यांच्या पोरी?
लांब असतात. पैसे पाठवतात.
रविवारी फोन करतात.

आई बराच वेळ गप्प.
कूस बदलते. बांगडी फरशीला लागते.
पोरी चांगल्याच असतील की त्या, म्हणते,
खरं